राखेचं नाव बदलतं तेव्हा : कचऱ्याची राख, खडी आणि नंदुरबारचे रस्ते

आजचा विषय वाचून काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की कचरा जाळून उरलेली राख रस्त्यात घालायची का, हा प्रश्न अभियंत्यांचा. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की राख रस्त्यात जाण्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते : राख रस्त्यात जाण्याआधी तिचं नाव बदलतं. नाव बदललं की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. ही गोष्ट प्रयोगशाळेत दिसत नाही, कागदपत्रांत दिसते. म्हणून हे आमचंही काम.

सुरुवात घरच्या राखेपासून करू. आपल्याकडे राख ही टाकून द्यायची वस्तू कधीच नव्हती. चुलीतली राख भांडी घासायला, राखुंडी दात घासायला, धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत, उरलेली उकिरड्यावर आणि तिथून शेतात. सातपुड्यात काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अंगभर राखेची नक्षी काढून नाचणारे बावा डोळ्यांसमोर येतील. या सगळ्या राखेत एक समान गोष्ट होती. ती कशाची राख आहे, हे वापरणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. सागाची, बाभळीची, शेणाच्या गोवऱ्यांची. चुलीत काय घातलं ते घातलं त्याच हातांनी, आणि राख काढली तीही त्याच हातांनी.

आता रस्त्याकडे येऊ. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून बांधला गेला. त्या रस्त्याच्या पश्चिमेला असलेला आपला भाग, म्हणजे नवापूर, तळोदे, अक्राणी हा मुलूख, मात्र पक्क्या रस्त्यांच्या बाबतीत कायम मागे राहिला. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाची रस्त्याशी खरी ओळख झाली ती १९७२ च्या दुष्काळात. खडी फोडायला जाणे हा शब्दप्रयोग ज्या घरात नाही असं घर त्या पिढीत सापडणं कठीण. काळ्या दगडाचे घण घालून तुकडे करायचे, चौकोनी ढीग रचायचा, मुकादमाने माप घ्यायचं आणि आठवड्याने पैसे. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. त्या रस्त्यांत काय घातलं होतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. गावातल्या बायाबापड्यांनी ते स्वतःच्या हातांनी फोडलं होतं.

डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सपाटीवर ५०० आणि आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता, हा तिचा निकष. तरीही धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून खाली आणावं लागतं आणि वर्तमानपत्रं त्याला ‘बांबूलन्स’ म्हणतात. हा शब्द आम्हाला विनोदी वाटत नाही. आम्ही हे आत्ताच सांगतो आहोत त्याचं कारण आहे. राखेविषयी पुढे जे काही बोलू, ते ऐकून कुणी असं समजू नये की आम्ही रस्ता नको म्हणतो. रस्ता पाहिजेच. आणि ज्याला रस्त्याची इतकी निकड आहे, तो माणूस रस्त्यात काय घातलं हे विचारत बसत नाही, ही तर या विषयातली खरी मेख आहे.

दुसरी अडचण मातीची. शहादा, तळोदे, तापीच्या दोन्ही काठांची काळी माती शेतीला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर कितीही डांबर ओता, खालची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होत राहते. तिच्यावर उपाय दोनच : एक तर ती काढून मुरूम भरायचा, नाहीतर तिच्यात चुना मिसळून तिचं फुगणं कमी करायचं. आणि इथे राख प्रथमच कामाची ठरते. भट्टीतली बारीक राख आणि चुना ओलाव्यात एकत्र आले की हळूहळू सिमेंटसारखा बंध तयार होतो. रोमन लोकांना हे ठाऊक होतं. नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख ते चुन्यात घालत. आपल्या गवंड्यांकडे ज्वालामुखी नव्हता, पण विटांची भुकटी होती. चुन्याच्या घाणीत सुरखी घालायची पद्धत म्हणजे तेच रसायन. तेव्हा राख रस्त्यात घालणे ही मुळात मूर्खपणाची किंवा लबाडीची कल्पना नाही. ही चांगली, जुनी कल्पना आहे.

कचऱ्याची राख या गोष्टीत आली ती इंग्लंडमध्ये. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम शहरात अल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्यानुसार कचरा जाळायची पहिली मोठी भट्टी उभी राहिली. तिला त्यांनी ‘डिस्ट्रक्टर’ म्हटलं. घरोघरी दगडी कोळसा जळत असल्यामुळे तिथला कचराच अर्धा कोळशाचा चुरा होता. तो चांगला पेटायचा. जळून उरलेला कडक, काचेसारखा गोळा म्हणजे क्लिंकर. तो फोडून रस्त्याच्या पायात, पदपथाखाली, चुन्याच्या गाऱ्यात वापरू लागले. लंडनच्या शोरडिच भागात १८९७ मध्ये कचरा जाळून वीज करणारं केंद्र सुरू झालं. इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलं होतं, धुळीतून प्रकाश आणि शक्ती. शहराचे लोक अभिमानाने दाखवत. म्हणजे आज ज्याला आपण नवीन तंत्रज्ञान म्हणून फीत कापून घेतो, ते सव्वाशे वर्षांचं आहे. आणि नावाचा पहिला बदलही तेव्हाचाच. भट्टीत गेला तो ‘कचरा’, बाहेर आला तो ‘क्लिंकर’.

आपल्याकडे मुंबईने वेगळी वाट धरली. तिने कचरा जाळला कमी, भरला जास्त. कामाठीपुऱ्याकडच्या सखल जमिनी एकोणिसाव्या शतकात शहराच्या झाडलोटीनेच भरून काढल्या. पुढे प्लेगनंतर कचरा शहराबाहेर न्यायचं ठरलं. देवनारला १९२७ पासून जे कचऱ्याचं मैदान सुरू झालं, ते आजही मुंबईच्या डोक्यावर बसलेलं आहे. इथे जाता जाता इंदूरचं नाव घ्यायला हवं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काडीकचरा, शेण, माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून खत करायची पद्धत बसवली. आपल्या उकिरड्याचीच ती शास्त्रशुद्ध आवृत्ती. आपला कचरा ओला, तो शेताकडे जायला हवा, हे तेव्हाच कळलेलं होतं. नंतरच्या काळात आपण ते सोयीने विसरलो.

विसरल्याची किंमत दिल्लीने मोजली. १९८७ मध्ये तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. तो चालला जेमतेम २१ दिवस. यंत्र डॅनिश कचऱ्यासाठी केलेलं आणि कचरा दिल्लीचा : भाजीपाल्याची सालं, रस्त्याची धूळ, माती. भट्टीला जेवढी उष्णता लागायची तिच्या निम्मीच त्या कचऱ्यात होती. ही गोष्ट आम्ही सांगतो ती कुणाची थट्टा करण्यासाठी नाही. माती जळत नाही, ती राखेतच उतरते. ज्या कचऱ्यात माती आणि ओल जास्त, त्याची वीज कमी आणि राख जास्त. म्हणजे आपल्याकडे कचरा जाळण्याचा धंदा करायचा, तर राखेचा प्रश्न युरोपपेक्षा मोठाच असणार.

त्याच सुमाराला, १९८६ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची सुमारे १४,००० टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचं जहाज निघालं. कचरा जाळण्याच्या भट्ट्यांची राख. ठेवायला जवळ जागा नव्हती आणि कुठलंही बंदर उतरवून घेईना. १९८८ च्या सुरुवातीला हैतीमध्ये गोनाईव्हच्या किनाऱ्यावर सुमारे ४,००० टन राख उतरवली गेली. कागदावर तिचं नाव होतं खत. बोभाटा झाल्यावर जहाज उरलेली राख घेऊन निघून गेलं, ती समुद्रात टाकली, आणि वाटेत जहाजाने स्वतःचंही नाव बदललं, एकदा नाही, दोनदा. त्याच शहराची राख गिनी देशाच्या कासा बेटावर विटांचा कच्चा माल म्हणून टाकली गेली. आणि आपल्या विषयाला सर्वात जवळची गोष्ट म्हणजे १९८७ ची पनामाची योजना : तीच राख तिथल्या दलदलीतून काढायच्या रस्त्याच्या भरावात घालायची. ओरड झाली म्हणून ती रद्द झाली. खत, विटा, रस्ता. एका शहराची एकच राख, तीन देशांत तीन नावं, आणि तिन्ही ठिकाणी घेणारा गरीब. हैतीतली राख परत अमेरिकेत एका कचरा-मैदानात पोचायला २००२ साल उजाडलं.

या राखेला एवढं भ्यायचं कशासाठी, हा प्रश्न आता यायला हवा. इथे थोडं थांबू, कारण वर्तमानपत्रांतून याची नेहमी गल्लत होते. कचऱ्याच्या भट्टीतून राख एक निघत नाही, दोन निघतात. एक खाली शेगडीवर उरते, जड, खड्यांसारखी, तिच्यात काच, खापऱ्या, खिळे, डबे. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ती भरते. तिला आपण तळराख म्हणू. दुसरी धुराड्याच्या वाटेवर गाळण्यांत अडकते, पिठासारखी, वजनाने दोन ते पाच टक्के. हिला उडती राख म्हणू. शिसं, कॅडमियम असे भट्टीच्या उष्णतेत वाफ होणारे धातू आणि डायॉक्सिन नावाची जहरी रसायनं मुख्यतः या दुसऱ्या राखेत गोळा होतात. गंमत बघा, धूर जितका चांगला गाळाल, तितकी ही राख विषारी होते. हवेत जायचं ते पोत्यात आलं, एवढाच फरक.

तळराख सुधारता येते. तिच्यातून लोखंड चुंबकाने काढायचं, ॲल्युमिनियम वेगळं करायचं, काही आठवडे उघड्यावर मुरू द्यायची. ॲल्युमिनियम राहिलं तर ओलाव्यात त्यातून वायू सुटतो आणि रस्ता फुगून फोड येतात. मुरवली, चाळली, तपासली की ती रस्त्याच्या खालच्या थरात चालते. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये अशी राख वर्षानुवर्षं वापरात आहे. डच लोकांचा अनुभव मोठा शिकवणारा आहे. त्यांनी महामार्गाच्या भरावात ही राख घातली, पण पाणी झिरपू नये म्हणून आवरणात गुंडाळून, आणि त्या भरावावर सतत देखरेख ठेवायची सक्ती केली. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की रस्ता बांधणारा जातो, ठेकेदार जातो, देखरेख मात्र कायमची गळ्यात पडते. म्हणून २०१२ मध्ये सरकार आणि भट्टीवाल्यांनी करार केला, की राख आधी इतकी धुवून स्वच्छ करायची की गुंडाळावी लागू नये. श्रीमंत, शिस्तीच्या, सखल देशाला हे समजायला काही दशकं लागली.

आणि शिस्त मोडली की काय होतं, त्यासाठी इंग्लंडमधलंच न्यूकॅसल शहर पुरे. तिथल्या बायकर भागातल्या भट्टीची सुमारे २,००० टन राख १९९४ ते १९९९ या काळात भाजीपाल्याचे वाफे आणि पायवाटांवर पसरली गेली. पायवाट छान टणक होते म्हणून. दोन्ही राखा एकत्र मिसळलेल्या होत्या. तपासणी झाली तेव्हा डायॉक्सिन आणि जड धातू सापडले, आणि त्या वाफ्यांवर कोंबड्या पाळणाऱ्यांना सांगावं लागलं की अंडी खाऊ नका. कोंबडी माती उकरते, टिपते, आणि मातीतलं विष अंड्यात उतरतं. ज्या जिल्ह्यात पाड्यापाड्यावर कोंबड्या रस्त्याच्या कडेला उकरत फिरतात, तिथल्या श्रोत्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आपल्याकडचा कायदा. राख आणि रस्ता यांची गाठ भारतात बांधली गेली ती कोळशाच्या राखेवरून. १९९० च्या दशकात दिल्लीत ओखला उड्डाणपुलाच्या आणि नंतर निजामुद्दीन पुलाच्या पोहोचरस्त्यांचे भराव औष्णिक वीजकेंद्राच्या राखेने केले. राख मातीपेक्षा हलकी, पाणी निचरा करणारी, फक्त बाजूने मातीचं जाड कवच हवं, नाहीतर पहिल्याच पावसात वाहून जाते. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्राने अधिसूचना काढली : वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा आणि रस्त्यांत राख वापरा. २००३ मध्ये ५० चे १०० झाले, २०१६ मध्ये ३००. त्या २०१६ च्या दुरुस्तीत असंही होतं की ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी ३०० किलोमीटरपर्यंत राख पोचवण्याचा पूर्ण खर्च वीजकेंद्राने सोसायचा. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःचं राख-धोरणही जाहीर केलं. नकाशा काढून बघा. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत सोनगडला उकाईचं औष्णिक केंद्र, इकडे भुसावळचं दीपनगर. आपला सगळा जिल्हा दोन्ही वर्तुळांत बसतो. कायद्यात अंतराचा आकडा वाढला आणि आपण राखेच्या मुलखात आलो, हे इथे किती जणांना माहीत होतं?

कोळशाची राखही अगदी निष्पाप नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बांध पावसात फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत गेली. पण निदान ती एका जातीची तरी आहे. खाणीचं नाव सांगता येतं, तिचं रसायन फारसं बदलत नाही. शहरी कचऱ्याचं तसं नाही. आज दिवाळीनंतरचा, उद्या पावसाळ्यातला, परवा कुणी गुपचूप टाकलेल्या बॅटऱ्यांचा. त्यामुळे कोळशाच्या राखेने चाळीस रस्ते चांगले झाले म्हणून कचऱ्याची राखही चालेल, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. दोघींचं आडनाव एक आहे, एवढंच.

शहरी कचरा जाळण्याला २०१६ च्या घनकचरा नियमांनी जोर दिला : ज्या कचऱ्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्यात किलोला १,५०० किलोकॅलरी उष्णता आहे, तो पुरायचा नाही, त्यापासून ऊर्जाच करायची. १ ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथील प्रकल्पाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॅट वीज. मघाचं प्रमाण लावलं तर रोजची तळराख १४० ते १७५ टन निघेल. हे गणित आमचं. वीस टनांचा एक हायवा धरला, तर रोज सात ते नऊ खेपा, वर्षाचे ३६५ दिवस. अशा आणखी शहरांच्या भट्ट्या सुरू होतील तसतशी ही राख जागा शोधत निघेल, आणि जागा शोधणाऱ्या राखेला रस्त्यासारखी जागा नाही. रस्ता लांब असतो, खोल असतो, वरून डांबराने बंद होतो.

मोशीची राख नंदुरबारला येणार आहे, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात शहरी कचरा जाळून वीज करणारा प्रकल्पही नाही. पण एक योगायोग सांगतो. आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच महिन्याच्या २० तारखेला देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले. दवाखान्याचा कचरा जाळायच्या भट्ट्या त्यानंतर राज्यभर झाल्या. त्या राखेसाठी २०१६ च्या नियमांनी स्पष्ट सांगितलं आहे, की ती घातक कचऱ्याच्या ठिकाणी न्यायची. विषारी धातू मर्यादेत आहेत असं तपासून सिद्ध झालं तरच शहराच्या कचरा-मैदानात. रस्त्याचं नाव त्यात नाही. म्हणजे नियम जागे आहेत. प्रश्न आहे तो राखेबरोबर तिचा कागद जातो का, याचा.

तो कागद कुठे असतो, हे सांगून थांबतो. रस्त्याच्या प्रत्येक कामाला एक माप-पुस्तिका असते. आपल्या शाखा अभियंत्यांच्या भाषेत ‘एमबी’. कुठल्या साखळीपासून कुठल्या साखळीपर्यंत, कोणता थर, किती जाडीचा, किती घनमीटर, सगळं त्यात भरलं जातं आणि त्यावर बिल निघतं. मुरूम लिहिला असेल तर कुठल्या खाणीचा, हे गौणखनिजाच्या पावतीवरून कळतं. तहसीलदाराला रॉयल्टी हवी असते ना, म्हणून कळतं. राखेवर रॉयल्टी नाही. नुसतं ‘भराव साहित्य’ असं लिहिलं तरी बिल निघू शकतं. पंचवीस वर्षांनी एखाद्या पाड्यावरचा हापसा गढूळ किंवा खारट झाला आणि कुणी विचारलं की वरच्या अंगाच्या रस्त्यात काय आहे, तर उत्तर त्या एका ओळीत असेल किंवा नसेल. माहितीच्या अधिकारात माप-पुस्तिकेची प्रत मागता येते. ग्रामसभेला मागता येते. राख आली असेल तर ती कोणत्या भट्टीची, दोन्हीपैकी कोणती, पाण्यात काय उतरतं याची तपासणी कुठे झाली, हे त्या प्रतीला जोडून मागता येतं. काम चालू असताना मागितलं तर रोलर फिरायच्या आत मिळण्याची थोडी तरी शक्यता असते. प्रश्न असतील तर आता घेऊ.